विरजणाचा पत्ता

सोलापूर शहरात कुणी कुठं राहावं हे ठरवण्याचा अधिकार माझ्या धाकट्या जावेच्या मामांना नेमका कुणी दिला, ते मला आजवर कळलेलं नाही. पण तो त्यांनाच आहे आणि दुसऱ्या कुणाला तो असूच शकत नाही, याबद्दल गावात कुणाचं दुमत नाही. शेळगीपासून सैफुलपर्यंत आणि बाळ्यापासून कुमठ्यापर्यंत अशी एक वसाहत दाखवा, जिथं मामांनी कुणाला तरी घर बघून दिलेलं नाही. आणि अशीही एक दाखवा, जी त्यांनी कुणासाठी तरी नापास केलेली नाही. बदलीवर आलेले मास्तर, पोरांच्या शिक्षणासाठी वळसंगहून आलेले बागायतदार, नवा दवाखाना टाकणारे डॉक्टर, घरच्यांशी भांडून वेगळी झालेली जोडपी, अशी सगळी मंडळी कधी ना कधी मामांच्या स्कूटरमागं बसून हे वाढतं शहर हिंडलेली आहेत. या कामाचे मामा कुणाकडून काही घेत नाहीत. चहा घेतात, तोही बशीतून. एकदा कुणीतरी चुकून त्यांना दलाल म्हणालं तर केवढे भडकले! "दलाल कुलूप उघडून घर दाखवतोय," म्हणाले. "मी कुलूप बघूनच सांगतोय, हितं ऱ्हाऊ नका म्हणून."

मामांचं जुन्या बाजारात कापडाचं दुकान. आयुष्यभर तिथं बसून लुगडी, खण, टॉवेल आणि चादरी विकल्या, मग गल्ला मुलाच्या हाती देऊन स्वतः मोकळे झाले. पांढरी विजार, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीची बोटं आणि खांद्यावर पांढरा टॉवेल. हा टॉवेल घाम पुसायला, खुर्ची झटकायला, उन्हात डोक्यावर घ्यायला आणि वादात मुद्दा संपला हे सांगायला खांद्यावरून काढून पुन्हा टाकायला, अशा सगळ्या कामी येतो. त्यांचं मूळ गाव अक्कलकोटच्या पलीकडलं. त्यामुळं माणसांशी मराठीत, गिऱ्हाइकांशी हिंदीत आणि देवाशी व स्कूटरशी कन्नडमध्ये बोलायचं, अशी त्यांनी वाटणी केलेली आहे. ती स्कूटर डावीकडं कलती केल्याशिवाय आणि "नडी यव्वा, नडी", म्हणजे चल गं माय, चल, अशी दोनदा विनवणी केल्याशिवाय सुरूच होत नाही. मी एकदा मागं बसल्याबसल्या म्हटलं, "मामा, हिला मराठी कळत नाही का हो?" तर म्हणाले, "कळतंय की. पण मराठीत सांगितलं की ती उलट बोलती."

आमची त्यांची गाठ पडली ती आमच्या ह्यांच्या बदलीमुळं. बार्शीत आमचं सगळं बस्तान. पण ह्यांना सोलापूरच्या ऑफिसात बढती मिळाली, मलाही तिथल्या शाळेत जागा मिळाली, आणि मुलगी तर कॉलेजच्या नावानं मनानं कधीच सोलापूरला जाऊन बसलेली. अडलं होतं ते सासूबाईंवर. सासरे गेल्यापासून त्यांचा सगळा जीव आमच्या बार्शीच्या गल्लीत. सकाळी दारात बसल्या की जेवणवेळेपर्यंत अख्खी गल्ली त्यांच्याशी बोलून जायची. एका डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही, पण चपलेच्या आवाजावरून माणूस ओळखणार आणि त्याच्या घरची भाजीसुद्धा विचारणार. साखरेचा आजार आहे. एकदा साखर एकदम उतरली, चक्कर येऊन न्हाणीत पडल्या, तर आम्ही दोघं कामावर आणि शेजारणीनं उचललं, साखरेचं पाणी पाजलं. अशा बाईला आम्ही म्हणत होतो, सोलापूरला चला. शेवटी पुष्कळ मिनतवाऱ्या केल्यावर त्या म्हणाल्या, "येते मी. पण संक्रांतीपर्यंत. तोवर करमलं तर राहीन, नाही करमलं तर माझी मी बार्शीला. मग मला कुणी आडवं यायचं नाही." आणि आमच्यासमोर बार्शीच्या खोल्यांची किल्ली कमरेच्या पिशवीत टाकून त्यांनी पिशवीची नाडी आवळली. त्या बोलल्या की करतात, हे मी सून होऊन आल्यापासून बघत आले आहे. एकट्या, एका डोळ्यानं, साखरेच्या गोळ्या विसरत त्या त्या खोल्यांत राहतील, या विचारानं माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

तेव्हा पुण्याहून माझ्या जावेचा फोन आला, "वहिनी, तुम्ही जाहिराती कसल्या बघताय? आमच्या मामांना सांगा." सांगितलं. मामांनी फोनवर आम्हाला खोल्या किती हव्यात हे विचारलं नाही, शाळा किती लांब आणि ऑफिस किती जवळ हेही नाही. विचारलं ते एवढंच, "दिवसभर घरात कोन असतंय, अक्का?" मी वयानं त्यांच्या लेकीसारखी, पण पहिल्या वाक्यातच त्यांनी मला अक्का करून टाकलं. मी म्हटलं, सासूबाई. "मग घर त्यांच्यासाठी बघायचं. तुमी काय, झोपायलाच येनार की." मला त्या क्षणी हा माणूस जो आवडला तो आवडलाच. घरात इतकी चर्चा झाली होती, पण हे आमच्यापैकी कुणालाही सुचलेलं नव्हतं.

आमच्या ह्यांना मात्र चकचकीत घर पाहिजे होतं. त्यांनी विजापूर रस्त्याच्या बाजूला एक उंच इमारत आधीच मनात धरली होती. लिफ्ट, बाग, व्यायामशाळा, गेटवर पहारा. आम्ही तिघं गेलो. मामा इमारतीकडं पाठ करून उभे राहिले, कारण घर कधी बघायचंच नाही, घरासमोर काय आहे ते बघायचं, असा त्यांचा नियम. मग त्यांनी स्कूटरच्या डिकीतून झाकणाची एक छोटीशी स्टीलची डबी काढली आणि वॉचमनपुढं धरली.

"विरजण पायजे."

"कोणत्या फ्लॅटला?"

"ज्याच्या घरात असंल त्याच्या."

वॉचमन बिचारा भला माणूस. त्यानं एकेका फ्लॅटला गेटवरून फोन लावायला सुरुवात केली, "मॅडम, विरजणवाले आलेत, वर सोडू का?" पहिल्या मॅडम म्हणाल्या, आम्ही काही मागवलेलं नाही. दुसऱ्या म्हणाल्या, गेटवरच ठेवून जायला सांगा. तिसऱ्या मॅडमनी विचारलं, ओटीपी काय आहे? मामांनी शांतपणे डबीचं झाकण लावलं आणि आमच्या ह्यांच्याकडं वळून म्हणाले, "साहेब, विहीणबाईंनी दूध तापवून ठेवलं आन् घरात विरजण न्हाय, तर त्यांनी ओटीपी कुटनं आनायचा?" हे लिफ्टबद्दल काही सांगू लागले. पण तोवर मामांनी टॉवेल खांद्यावर टाकलेला होता.

तर ही मामांची परीक्षा. अनोळखी वसाहतीत जायचं, कुठल्याही चार दारांवर थाप मारायची आणि विरजण मागायचं. कोण तुम्ही, कुठले, कशाला, असं न विचारता ज्या घरातली बाई आत वळते ते घर पास. आणि जिथं चारांतली तीन घरं पास, ती वसाहत पास. मी विचारलं, "मामा, विरजणच का? साखर मागा, चहापत्ती मागा." म्हणाले, "ते समदं दुकानात मिळतंय. दूध मिळतंय, दहीबी मिळतंय. विरजण तेवढं मागावंच लागतंय, अक्का. आन् जितं मागता येत न्हाय तितं म्हातारं मानूस ऱ्हात न्हाय. नुसतं पडून असतंय." हे सगळं गोळा केलेलं विरजण मामा घरी नेतात आणि रात्री दुधात घालतात. त्यामुळं त्यांच्या घरी रोज वेगळ्या भागाचं दही असतं. त्यांची सून मला एकदा कळवळून सांगत होती, "सोमवारी शेळगी खाल्ली, मंगळवारी जुळे सोलापूर. काल आसरा चौकातलं होतं, ते फार आंबट निघालं हो." मामा मात्र जेवताना बोट चाटून दह्यावरून सांगतात की त्या आळीत सुना सुखी आहेत की नाहीत. हे कसं कळतं ते मी विचारलेलं नाही. सांगितलं असतं तर मला ते मान्य करावं लागलं असतं.

दुसरी परीक्षा कुत्र्याची. रस्त्याच्या मध्यभागी पाय ताणून झोपलेलं कुत्रं, जे स्कूटर आली तरी एकच डोळा उघडून पुन्हा मिटतं, ते दिसलं की मामांचा चेहरा फुलतो. त्यांच्या मते ज्या वस्तीत येणाऱ्याजाणाऱ्याची सवय असते तिथलंच कुत्रं असं झोपतं. अंगावर धावून आलं की समजायचं, हितं वर्षानुवर्षं कुणी पाव्हणा आलेला नाही. आणि तिसरी, सगळ्यांत अवघड परीक्षा म्हणजे पाण्याच्या दिवसाची. बाहेरच्यांना सांगायला हवं, सोलापुरात तारीख विसरली तरी चालते, पाण्याचा दिवस विसरून चालत नाही. नळाला काही दिवसांआड पाणी, आणि ते आलं की सगळी वसाहत बादल्या, पिंपं, मोटारी घेऊन उठलेली. मामा घर बघायला मुद्दाम त्याच दिवशी जातात. कारण काय, तर भांडणं ऐकायला मिळतात. एका टापटीप कॉलनीत आम्ही गेलो तर पाणी आलं, सगळ्यांनी ते मुकाट्यानं भरलं आणि दारं लागली. मला तर फार आवडली ती शिस्त. मामा म्हणाले, "नापास. पाण्याच्या दिवशीबी जे एकमेकाला ओरडत न्हाईत, ते इतर दिवशी काय बोलनार?"

असं आम्ही पुष्कळ हिंडलो. दर रविवारी बार्शीहून सकाळच्या एसटीनं यायचं, मामांच्या मागून रिक्षानं फिरायचं, सगळं नापास करून घ्यायचं आणि परत जायचं. हे चिडायचे, मी थकायचे, आणि घरी आलं की सासूबाई शेंगा सोलत सोलत विचारायच्या, "मिळालं का गं, करमेल असं?" त्या विचारण्यात थोडी आशा होती की मिळालेलं नसावं. दिवाळी जवळ आली तसं माझं अवसान गळायला लागलं.

अशाच एका रविवारी होटगी रस्त्यावरून आत वळून आम्ही एका कॉलनीत गेलो, आणि मला बघताक्षणी वाटलं, हीच. बैठी घरं, प्रत्येक दाराला बसण्याजोगी पायरी, कोपऱ्यावर मोठा कडुनिंब, त्याखाली पार. निंबाखाली एक तांबडं कुत्रं चारी पाय ताणून पसरलेलं. मामांनी त्याला पायानं हळूच ढोसलं तर त्यानं कूस बदलली. रिकामं घर अगदी पारासमोर. सासूबाई पायरीवर बसल्या की सगळी कॉलनी त्यांच्यासमोरून जाणार! मी मनातल्या मनात त्यांची शेंगांची पाटी, त्यांचं उसवलेलं आसन, त्यांचा तांब्या तिथं मांडूनही टाकला. पण आम्हाला पोचायलाच उशीर झाला होता. आधीच्या वस्तीत पाण्याच्या मोटारीवरून दोन शेजाऱ्यांची जुंपली होती, मामा मधे पडले, दोघांची समजूत घातली, मग दोघांकडं चहा झाला, आणि तोवर दिवस कलला. इथं आलो तेव्हा घरोघर दिवे लागत होते. मामांनी डबी काढली.

पहिल्या दारातली तरुण सून हातातलं निरांजन खाली ठेवून म्हणाली, "आत्ता? नाही हो काका," आणि त्यांच्याकडं विचित्र नजरेनं बघून आत गेली. दुसऱ्या घरानं जाळीचं दारही उघडलं नाही. तिसऱ्या घरात दह्याचं भांडं ओट्यावर आम्हालाही दिसत होतं, आणि ती बाई सरळ म्हणाली, दही नाही. पाराशेजारच्या चौथ्या दारात एक आजी बसल्या होत्या. त्या तर रागावल्याच. "ही काय येळ हाय व्हय मागायची?" एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं. मामा परत आले तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता. "चला अक्का. मानसं न्हाईत हितं." मी म्हटलं, "मामा, कुत्रं तर बघा." "कुत्रं चांगलं हाय," ते म्हणाले, "पन विहीणबाईंना कुत्र्याबरोबर बोलत बसायचं न्हाय." आणि त्या दिवशी स्कूटरशीसुद्धा ते काही न बोलता निघून गेले.

मी घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. खरं म्हणजे रडवेली होऊन सांगितलं, कारण ते घर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. सासूबाईंचे शेंगा सोलणारे हात थांबले.

"विरजण मागितलं? कधी?"

"संध्याकाळी. दिवे लागले होते."

"आणि चौघींनी नाही म्हटलं?"

"चौघींनी."

"अगं बाई! मग बरोबरच केलं की त्यांनी!" सासूबाई सुपासकट उठल्या. "दिवेलागणीला दूध-दही कुणी घराबाहेर देतं का? घरातली लक्ष्मी चालली जाते. मी तरी दिलं असतं का? तुला कसं गं एवढंही कळलं नाही?" आता काय सांगू! सकाळी सातला घर सोडणाऱ्या आणि संध्याकाळी दमून येणाऱ्या बाईला दिवेलागण म्हणजे फक्त ट्यूब लावायची वेळ. आमच्याकडं कुणी मागायला आलं तर तो प्रांत सासूबाईंचा. "सोलापुरासारख्या शहरात," त्या म्हणाल्या, "अजून पाळतात म्हणायचं. चौघीच्या चौघी." आणि कधी नव्हे ते त्यांच्या आवाजात मला कुतूहल ऐकू आलं. "फोन लाव त्या मामांना."

त्यांचं मामांशी ते पहिलंच बोलणं. "अहो मामा," सासूबाई म्हणाल्या, "एवढी घरं हिंडलात, केस पांढरे झाले, आणि दिवेलागणीला दही मागत नाहीत हे माहीत नाही तुम्हाला?" पलीकडून मामांचा बारीक आवाज आला, "न्हाय म्हाईत विहीणबाई. मी नेहमी सकाळचाच जातोय. घरातलं देनंघेनं समदं आमची ही बघायची. ती गेल्यावर कोन सांगनार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा एकटेच त्या कॉलनीत गेले. त्यांनी आधी पारावर उभं राहून, चारी दिशांना हात जोडून कॉलनीची माफी मागितली, असं मला नंतर खिडकीतून बघणाऱ्या तिथल्याच एकीनं सांगितलं. निंबाखालच्या कुत्र्याशिवाय ती ऐकायला तेव्हा पाराजवळ कुणी नव्हतं. मग ते दारोदार गेले. चारी घरांनी दिलं. काल आत गेलेल्या सुनेनं वर बसायला खुर्चीही दिली. जाळीचं दार उघडलं. काल ज्या बाईकडं दही नव्हतं तिनं चांगलं वाटीभर दिलं. आणि पाराशेजारच्या आजी म्हणाल्या, "काल तुमास्नी माघारी लावलं आन् माझ्या घशाखाली घास उतरला न्हाय बगा. म्हनलं, कुनाच्या दारचा मानूस हाय कोन जाने." मामांच्या डबीत मावेना, दही टॉवेलवर सांडलं. त्यांनी मला शाळेत, तास चालू असताना फोन केला. "अक्का, कॉलनी पास! नापास झालो मी!"

दिवाळी झाल्यावर आम्ही राहायला आलो. किल्ली कमरेलाच होती. पहिले काही दिवस सासूबाई पायरीवर बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला ऐकायच्या, पण बोलायच्या नाहीत. मी ऑफ तासाला शाळेतून फोन करायचे, "काय करताय?" उत्तर यायचं, "बसलेय." मग पुढच्या तासाला मी फळ्यावर तारीख चुकीची लिहायचे. मग पाण्याचा दिवस आला. पाराशेजारच्या आजींनी पलीकडून हाक मारली, की नळ सोडा, पाणी आलंय. सासूबाई म्हणाल्या, आमच्या नळाला येत नाही, तुम्ही मोटार लावलीय म्हणून. आजी म्हणाल्या, आमची मोटार बिघडलीय, वर काय आरोप करताय? आवाज चढले. मी संध्याकाळी घरी आले तेव्हा दोघी पायरीवर बसून एका ताटात मेथी निवडत होत्या आणि तिसऱ्याच कुणाच्या मोटारीबद्दल बोलत होत्या. त्या आजींच्या घरी तेलुगू बोलतात, माझ्याशी त्या मराठी बोलतात आणि सासूबाईंशी दोन्हींच्या मधलं काहीतरी. सासूबाईंना ते सगळं समजतं. मामांना हे कळवलं तर म्हणाले, "भांडण झालं न्हवं? मग काळजी न्हाय."

तरी मला काळजी होतीच. संक्रांत आली. गावात गड्ड्याची, म्हणजे दरवर्षीची संक्रांतीची, जत्रा भरलेली, सगळीकडं गर्दी. संध्याकाळी मामा जत्रेतून आमच्याकडं तिळगूळ घेऊन आले, बशीतून चहा प्यायले, टॉवेलनं तोंड पुसलं आणि जो प्रश्न विचारायला मी आठवडाभर घाबरत होते तो त्यांनी सरळ विचारला, "काय विहीणबाई, करमतंय का?"

सासूबाईंनी कमरेची पिशवी काढली, नाडी सोडली, किल्ली काढली आणि आमच्या ह्यांच्या हातात दिली. "त्या बार्शीच्या खोल्या सोडून टाक आता. उगीच कशाला अडवून ठेवायच्या?" मी स्वयंपाकघरात पळाले. डोळे पुसायला दुसरी जागा नव्हती. आतूनच मला सासूबाईंचा आवाज ऐकू आला. "आणि तुम्हाला, मामा?"

"मला काय?"

"तुमच्या घरी तुम्हाला करमतं का?"

साऱ्या सोलापूरला हा प्रश्न विचारत फिरणाऱ्या माणसाला तो कुणी विचारला नव्हता, हे मला तेव्हा उमगलं. मामा म्हणाले, "मुलानं लई मोठं घर बांधलं बघा. जुन्या पेठेतनं आमी तिकडं गेलो. मी दिवसभर दुकानात, ती घरात. संध्याकाळी गेलो की तिचं एकच, ब्यासर, ब्यासर. करमत न्हाय म्हनायची. मी म्हनायचो, व्हईल सवय." त्यांनी टॉवेल खांद्यावरून काढला, पण पुन्हा टाकला नाही, नुसताच हातात धरून बसले. "सवय व्हायच्या आत गेली ती." ह्यांनी तिळगुळाची वाटी त्यांच्यापुढं सरकवली. मामा लगबगीनं उठले, खिशातून डबी काढली आणि विषय बदलायचा म्हणून म्हणाले, "जरा विरजण द्या की, विहीणबाई."

देवापुढं दिवा नुकताच लागला होता. सासूबाईंनी दिव्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं. "आत्ता नाही. सकाळी या."

मामा हसले. इतके हसले की त्यांना टॉवेल डोळ्यांना लावावा लागला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, पाराजवळ बंद पडलेल्या स्कूटरला घातलेलं "नडी यव्वा" ऐकू आलं.

तेव्हापासून मामा येतात. आमच्या पाण्याच्या दिवशी तर हमखास, कारण भांडण चुकवायचं नसतं. त्यांची सून मला फोनवर विचारते, "ताई, आमच्याकडं रोजचं दही लागतं हो, विरजण घरातच असतं. मग मामंजी तुमच्याकडून कशाला नेतात?" मी म्हणते, आमचं गोड असतं म्हणून. रोज रात्री दूध विरजताना सासूबाई आधी चमचाभर दही बाजूला काढून ठेवतात. कुणी हात लावायचा नाही, ते मामांचं.

यंदा उन्हाळ्यात मामांचा गुडघा धरला. मुलानं स्कूटरची किल्ली काढून घेतली. मामा नुसते घरात. पाण्याचा दिवस आला आणि गेला, बाजूला काढलेलं दही तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी सासूबाई उजाडल्यापासून दाराशी उभ्या होत्या, चपलांचे आवाज ऐकत. मग आत आल्या, झाकणाची वाटी घेतली, दही घातलं आणि मला म्हणाल्या, "रिक्षा बोलाव. मी देऊन येते." सोलापूरला आल्यापासून त्या पाराच्या पलीकडं स्वतःहून कधी गेलेल्या नव्हत्या. मी सोबत निघाले.

मामांचा बंगला खरंच मोठा आहे. फाटक, मग बाग, मग दार, आणि दोन्ही बाजूंना उंच भिंती. सुनेनं दार उघडलं. मामा खिडकीशी खुर्चीत बसले होते, पाय स्टुलावर, समोर शेजारच्या बंगल्याची कोरी भिंत. सासूबाईंनी अंदाजानं जाऊन वाटी पुढं केली.

"विरजण आणलंय."

मामांनी वाटीकडं बघितलं, मग खिडकीबाहेरच्या उन्हाकडं. "दिवे लागले न्हाईत न्हवं अजून?"

"नाही हो. सकाळ आहे. घ्या."

मामांनी वाटी दोन्ही हातांनी घेतली आणि मांडीवर ठेवली. बराच वेळ दोघं बोलत बसले, कडुनिंबाखालच्या कुत्र्याबद्दल, मोटारींबद्दल, मामींबद्दलही. निघताना सून रीतीप्रमाणं वाटी रिकामी न देता तीत थोडी साखर घालून घेऊन आली, तर मामांनी तिचा हात धरला. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, "वाटी आज देऊ नको. न्यायला त्यांना परत यायला लागंल."

वाटी अजून तिथंच आहे. दर रविवारी सासूबाई ती आणायला जातात.